हाताला काम, मनाला सोबत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सव हा हिशेबाचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत काय उभे राहिले याची नोंद अशा वेळी अभिमानाने वाचली जाते. त्याचबरोबर जमेच्या बाजूस न आलेल्या, राहून गेलेल्या गोष्टींकडेही एकदा पाहणे योग्य ठरते. समाजात एक दुःख असे आहे, की ज्यासाठी कधी पावतीपुस्तक छापले जात नाही आणि ज्याच्या नावाने कधी शिबिराचा फलक लागत नाही. कारण ते दुःख घराच्या आतल्या खोलीत राहते.

महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत उत्तम गुण मिळवणारा मुलगा हळूहळू बोलेनासा होतो. दुकानाच्या गल्ल्यावर बसला, तर आलेला ग्राहक आपल्याविषयीच कुजबुजतो आहे असे त्याला वाटू लागते. रात्री झोप नाही, दिवसा अंघोळ नाही. आरंभी घरचे रागावतात, मग नवस बोलतात, मग ‘लग्न करून द्या, सुधारेल’ असा सल्ला कोणीतरी देते. अखेरीस डॉक्टर गाठले जातात, औषध सुरू होते आणि भास थांबतात. घरात हायसे वाटते. पण वर्ष लोटते, दोन वर्षे लोटतात, तरी मुलगा खोलीतून बाहेर येत नाही. पाहुणे आले की त्या खोलीचे दार हलकेच लोटून घेतले जाते. धाकट्या बहिणीचे स्थळ जुळेपर्यंत तरी हे बाहेर कळू नये, असे आईला वाटते. तिला दोष देणे सोपे आहे. तिच्या जागी उभे राहणे अवघड आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय त्या लोटलेल्या दारापाशी सुरू होतो. औषधाने भास थांबल्यानंतर पुढे काय, हा तो प्रश्न. त्याच्या अनेक उत्तरांपैकी एक महत्त्वाचे उत्तर म्हणजे सामूहिक व्यवसायोपचार. सोप्या शब्दांत सांगायचे तर चारचौघांत बसून, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, अर्थपूर्ण काम करीत बरे होत जाणे.

आजाराचे स्वरूप

‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली प्रचारात आणला. मराठीत त्याला ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात. या नावामुळे एक गैरसमज पसरला, की रुग्णात दोन निरनिराळी व्यक्तिमत्त्वे नांदतात. तसे नाही. विचार, भावना आणि कृती यांचा एरवी सहज असणारा मेळ या आजारात विस्कटतो, एवढाच त्या नावाचा आशय आहे. जगभरात दोन कोटींहून अधिक माणसे या आजारासह जगत आहेत. बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशी-तिशीत तो डोके वर काढतो; म्हणजे शिक्षण पुरे होऊन पायांवर उभे राहण्याच्या ऐन वेळी. तो आईबापांच्या संगोपनातील चुकीने होत नाही आणि करणीनेही होत नाही. मेंदूच्या कार्यातील बिघाड, आनुवंशिकता आणि जीवनातील ताण यांचा तो गुंतागुंतीचा परिणाम आहे.

याची लक्षणे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात जे नसावे ते येते. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, निराधार संशय बळावतो, बोलण्यातील संगती सुटते. दुसऱ्या प्रकारात जे असावे ते जाते. उत्साह, हौस, बोलण्याची इच्छा, चेहऱ्यावरील भाव, स्वतः होऊन काही आरंभण्याची प्रेरणा ओसरते. तिसऱ्या प्रकारात लक्ष देणे, लक्षात ठेवणे, कामाचा क्रम लावणे या बौद्धिक क्षमतांना धक्का बसतो.

पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकारांवर उपयोग सुरू झाला आणि उपचारांचे चित्रच पालटले. त्यानंतर आलेल्या अनेक औषधांनी पहिल्या प्रकारची लक्षणे पुष्कळ अंशी आटोक्यात येतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांवर मात्र औषधांचा प्रभाव तुलनेने कमी पडतो. म्हणूनच भास थांबलेला मुलगा खोलीतच बसून राहतो. घरच्यांना तो आळशी वाटतो. वस्तुतः तो आळस नसून आजाराचा उरलेला भाग असतो. ‘उठ, काहीतरी कर’ असे दिवसातून दहा वेळा सांगितल्याने तो जात नाही. लंगड्याला ‘धाव’ म्हटल्याने लंगडेपण जात नाही, तसेच हे.

मोठ्या उपचारपरंपरेचा वारसा

मनोरुग्णाला साखळदंडाऐवजी काम आणि माणुसकीची वागणूक द्यावी, हा विचार युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस रुजू लागला. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेऊन १७९६ साली ‘रिट्रीट’ नावाचे रुग्णालय सुरू केले. तेथे रुग्णांना बागकाम, शिवणकाम, घरकाम दिले जाई. एका व्यापाऱ्याने वैद्यकशास्त्राला दाखवलेली ही वाट होती, हे व्यापारी समाजाने ध्यानात ठेवावे असे आहे.

पुढे १९१७ साली अमेरिकेत व्यवसायोपचाराची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अॅडॉल्फ मायर या मनोविकारतज्ज्ञांनी १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या उपचारामागील तत्त्व मांडले. काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांच्या लयीवर माणसाचे आरोग्य उभे असते, ती लय प्रत्यक्ष कृतीतूनच परत मिळवावी लागते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

भारतात ही विद्या आणण्याचे श्रेय कमलाबाई निंबकर यांना जाते. मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विवाहानंतर १९३० साली त्या भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना १९५२ साली स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ या शाळेमुळे महाराष्ट्रातील अनेकांना त्यांचे नाव परिचित आहे. व्यवसायोपचाराच्या क्षेत्रातील त्यांचे हे मूलभूत कार्य मात्र फारसे ठाऊक नसते.

या उपचाराची आवश्यकता किती खोल आहे, हे दाखवणारा एक अभ्यास येथे सांगितलाच पाहिजे. जॉन विंग आणि जॉर्ज ब्राउन या दोन ब्रिटिश संशोधकांनी इंग्लंडमधील तीन मनोरुग्णालयांतील स्किझोफ्रेनियाग्रस्त स्त्रियांचा १९६० ते १९६८ अशी आठ वर्षे अभ्यास केला आणि १९७० साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. रुग्ण दिवसभरात काय करतात, त्यांच्याजवळ स्वतःच्या मालकीच्या वस्तू किती आहेत, परिचारिका त्यांच्याविषयी काय बोलतात, बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध किती उरला आहे, अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्यांनी बारकाईने मोजल्या. जेथे जीवन रिते, तेथे अबोलपणा आणि भावशून्यता अधिक, असे आढळले. आणि ज्यांच्यात सुधारणा झाली, त्यांच्याबाबतीत सर्वांत ठळकपणे जाणवलेली बाब कोणती होती? काहीही न करता घालवलेला वेळ कमी झाला होता.

हे वाक्य पुन्हा एकदा मनात घोळवावे असे आहे. रिकामा वेळ हा या आजारात केवळ परिणाम नसतो. तो आजाराला खतपाणीही घालतो.

गटात बसून काम म्हणजे नेमके काय?

व्यवसायोपचार म्हणजे रुग्णांना ‘गुंतवून ठेवण्यासाठी’ दिलेला विरंगुळा, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात प्रशिक्षित व्यवसायोपचारतज्ज्ञ प्रत्येकाची क्षमता आधी तपासतो. तपासण्याची एक पद्धत तर अगदी शिवणाऱ्या हातांची आहे. छिद्रे पाडलेल्या तुकड्याच्या कडेने दोरी ओवायला देतात. प्रथम साधा धावदोरा, मग कडेवरून वळसा घेणारा टाका, मग त्याहून अवघड टाका. कोण कोठवर पोहोचतो, चूक झाली तर ती त्याची त्याला दिसते का, दिसली तर उसवून दुरुस्त करतो का, यावरून त्याला कोणत्या पायरीचे काम द्यावे हे ठरते.

समजा, एखाद्या दिवसकेंद्रात आठ जणांचा गट मांजरपाटाच्या पिशव्या शिवतो आहे. कापडाच्या व्यवहारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना पिशवी ही क्षुल्लक वस्तू वाटेल. पण तिच्यात किती कामे दडली आहेत ते पाहावे. ताका उलगडणे, कापडाची आडवी-उभी ओळखणे, पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खडूने रेघ मारणे, कापणे, बंदांच्या पट्ट्या दुमडणे, कच्चा टाका घालणे, यंत्रावर शिवण मारणे, सुटलेले दोरे कापणे, इस्त्री, घडी, मोजणी आणि डझनाचे गठ्ठे. ज्याचे लक्ष पाच मिनिटांपेक्षा अधिक टिकत नाही, त्याला दोरे कापण्याचे काम मिळते. तेथे चूक झाली तरी नुकसान नाही. ज्याला क्रम लक्षात राहत नाही, त्याच्यासमोर चित्रांचा तक्ता लावला जातो. ज्याचे हात औषधांमुळे थोडे थरथरतात, त्याच्याकडे कात्री न देता घडी घालण्याचे काम येते. आठवडे जातात तशी एकेकाची पायरी बदलते.

सत्राची रीतही ठरलेली असते. ठरल्या वेळी सर्वांनी जमायचे, एकमेकांना नावाने हाक मारायची, आज किती पिशव्या करायच्या ते मिळून ठरवायचे. कात्र्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. काम साधारण तासाभराचे. मग आवराआवर आणि शेवटी थोडे बोलणे. आज काय जमले, कोठे अडले, कोणी कोणाला मदत केली. ‘तुझी शिवण सरळ आली’ हे शेजाऱ्याच्या तोंडून ऐकणे, ज्याने कित्येक महिन्यांत स्वतःविषयी काही चांगले ऐकलेले नाही त्याच्यासाठी लहान गोष्ट नसते. आवाज ऐकू येणे पूर्ण थांबलेले नसले, तरी हात आणि डोळे कामात गुंतलेले असताना ते मागे पडतात, असे अनेक रुग्ण सांगतात.

अॅन मोझी या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञांनी गटात वागण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर प्रत्येक जण आपापले काम करतो. केवळ शेजारी बसणे सोसू लागतो. दुसरीवर थोड्या वेळापुरते एकत्र काम जमते. एक जण कापड धरतो, दुसरा रेघ मारतो. तिसरीवर नियम पाळत, आपला मान राखत, दीर्घ काम मिळून पुरे होते. चौथीवर एकमेकांच्या भावनांची कदर होऊ लागते. पाचवीवर जो तो गरजेप्रमाणे कधी पुढारी, कधी अनुयायी होतो. जसजसा गट वरच्या पायरीवर जातो, तसतसा तज्ज्ञ मागे सरकतो. खरे पाहता, दुकानातील चांगला मुनीमही नव्या नोकराला याच रीतीने तयार करतो.

गटच का? एकट्याला घरी काम देऊन भागणार नाही का? काही प्रमाणात भागेल. परंतु या आजाराने सर्वाधिक हानी होते ती माणसांमाणसांतील धाग्याची. समोरच्याचा चेहरा वाचणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, नकार ऐकून घेणे, मदत मागणे या गोष्टी पुस्तकातून शिकता येत नाहीत आणि एकांतात तर मुळीच नाही. हातात काम असले की बोलण्याची सक्ती उरत नाही. नजर कापडावर ठेवून दोन शब्द बोलता येतात. अबोल माणसासाठी ही मोठी सोय आहे.

याला आणखी एक बाजू आहे, ती कुटुंबाची. लंडनमध्ये १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून दिसले, की ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते किंवा त्याची अतिकाळजी केली जाते, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते. आणि अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून अधिक काळ समोरासमोर गेला तर धोका वाढतो. पुढे चंदीगडमध्ये झालेल्या अभ्यासात भारतीय कुटुंबांत टीकेचे प्रमाण लंडनच्या तुलनेने कमी आढळले, ही समाधानाची बाब आहे. तरीही आई आणि मुलगा चोवीस तास एकाच घरात कोंडले गेले, तर दोघांचाही धीर सुटतो. रोज चार-पाच तासांचे केंद्र त्या आईलाही श्वास घेऊ देते. महाराष्ट्रातील स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा सुंदर प्रघात पडला आहे. उपचार दोघांचा विचार करणारा असला पाहिजे, हे त्या शब्दांतूनच सूचित होते.

कोठे काय घडले

चेन्नईच्या किलपॉक येथील शासकीय मनोरुग्णालयाच्या प्रमुख म्हणून १९६१ ते १९७८ या काळात डॉ. शारदा मेनन यांनी काम पाहिले. त्यांच्या कारकिर्दीत तेथे रुग्णांसाठी औद्योगिक उपचार केंद्र उभे राहिले. निवृत्तीनंतर १९८४ साली त्यांनी ‘स्कार्फ’ ही संस्था स्थापन केली. स्किझोफ्रेनियाच्या पुनर्वसनात आणि संशोधनात या संस्थेचे नाव आज देशाबाहेरही आदराने घेतले जाते. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ संस्थेत पुनर्वसन विभागात विणकाम, शिवण, बेकरी, सुतारकाम, मेणबत्त्या असे अनेक उद्योग चालत आले. तयार वस्तूंचे दुकान आणि ‘रोझेस’ नावाचे उपाहारगृहही तेथे उभे राहिले. कोलकात्याच्या पावलोव्ह रुग्णालयात ‘अंजली’ या संस्थेच्या सहकार्याने रुग्णांनी ‘चा घर’ हे चहाचे दुकान आणि ‘धोबी घर’ हा कपडे धुण्याचा व्यवसाय चालवून दाखवला.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर डॉ. जगन्नाथ वाणी यांचे स्मरण अटळ आहे. धुळे जिल्ह्याचे सुपुत्र, कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव त्यांनी लपवला नाही. उलट त्याविषयी ते उघडपणे बोलले आणि लिहिते झाले. १९९७ साली पुण्यात त्यांनी ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ची स्थापना केली. या संस्थेने स्वमदत गटांबरोबरच धायरी येथे दिवसकेंद्र चालवले. या आजारावरील ‘देवराई’ हा २००४ सालचा मराठी चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून निर्माण झाला. २०१७ साली त्यांचे निधन झाले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ‘आय.पी.एच.’ या संस्थेच्या ‘त्रिदल’ या उपक्रमातही शुभार्थींना कामातून उभे करण्याचा प्रयत्न झाला. एका माणसाने दार उघडले की इतरांची दारेही उघडू लागतात, हे वाणी यांच्या उदाहरणावरून दिसते.

दोन सावधगिरीच्या सूचना

कामाचे गुणगान करताना त्याच्या दुरुपयोगाचा इतिहास विसरता येत नाही. जगभरातील जुन्या मनोरुग्णालयांत ‘उपचार’ या नावाखाली रुग्णांकडून वर्षानुवर्षे फुकट राबवून घेतले गेले. रुग्णालयाची शेती, धोबीखाना, स्वयंपाकघर त्यांच्या श्रमांवर चालले. म्हणून कोणतेही काम देताना एक प्रश्न विचारावा. हे काम या माणसाच्या भल्यासाठी निवडले आहे की आपल्या सोयीसाठी? भारताच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या कायद्याने याबाबत स्पष्ट तरतूद केली आहे. मानसिक आरोग्य संस्थेत कोणालाही सक्तीने काम करायला लावता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला मिळणे हा त्याचा हक्क आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. मोबदला थोडा असेल. पण तो दया म्हणून नव्हे, तर मजुरी म्हणून हातावर पडला पाहिजे. त्या दोहोंतील फरक घेणाऱ्याला तत्काळ कळतो.

दुसरी सूचना वेगाची. रितेपणा जसा घातक, तसा अतिरेकी ताणही घातक. उत्साहाच्या भरात ‘आता बरा झाला’ म्हणून दिवाळीच्या गर्दीत मुलाला गल्ल्यावर बसवले आणि आजार उलटला, असे होऊ शकते. काम हळूहळू वाढवावे, डॉक्टरांना विचारून वाढवावे. आणि एक गोष्ट अत्यंत स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कामात रमला म्हणून औषध परस्पर बंद करू नये. काम औषधाची जागा घेत नाही. औषध जेथवर पोहोचते, त्याच्या पुढची वाट काम चालते.

पुलाचा दुसरा काठ

येथवर जे सांगितले ते केंद्रांचे, तज्ज्ञांचे, संस्थांचे काम. पण या विषयातील खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

केंद्रात उत्तम पिशव्या शिवणारा शुभार्थी वर्षानुवर्षे केंद्रातच पिशव्या शिवत राहतो. संरक्षित कार्यशाळांचा जगभरचा अनुभव असा, की तेथून खुल्या बाजारातील नोकरीपर्यंत फार थोडे जण पोहोचतात. न्यूयॉर्कमधील ‘फाउंटन हाऊस’ या संस्थेने १९४८ पासून एक निराळा प्रयोग केला. तेथे ‘रुग्ण’ नाही, ‘सदस्य’ आहे. स्वयंपाकघर, कचेरी सारे सदस्य आणि कर्मचारी मिळून चालवतात आणि बाहेरच्या व्यवसायांतही सदस्यांना तात्पुरत्या नोकऱ्या मिळवून दिल्या जातात. १९९० च्या दशकात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर या अमेरिकन संशोधकांनी याहून पुढचे पाऊल टाकले. आधी दीर्घ प्रशिक्षण आणि मग नोकरी, हा क्रम त्यांनी उलटा केला. इच्छा असेल त्याला आधी खरी नोकरी मिळवून द्यावी आणि नोकरीवर असतानाच आधार द्यावा. निरनिराळ्या देशांत झालेल्या चाचण्यांत या पद्धतीने अधिक माणसे खुल्या बाजारातील नोकरीत लागली.

याचा अर्थ गटातील काम निरर्थक ठरले, असा नाही. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणेच जमत नाही, त्याच्यासाठी गट ही पहिली पायरी असते. मात्र पूल एका काठावरून बांधून पुरा होत नाही. एक काठ केंद्राचा, दुसरा काठ बाजारपेठेचा. आणि तो दुसरा काठ डॉक्टरांच्या हाती नाही. तो दुकानदारांच्या, पेढीवाल्यांच्या, कारखानदारांच्या हाती आहे. म्हणजेच आज या सभागृहात बसलेल्या अनेकांच्या हाती आहे.

दुकान काय करू शकते? फार मोठे काही नाही. आरंभी दिवसाचे तीन-चार तास. गर्दीच्या वेळेऐवजी सकाळची शांत वेळ. काम असे की ज्यात घासाघीस नाही. माल लावणे, ताके मोजणे, चिठ्ठ्या लावणे, नोंदी उतरवणे. सूचना तोंडी दहा देण्याऐवजी कागदावर तीन लिहून देणे. हुकूम सोडणारे पाच नसावेत, एकानेच सांगावे. महिन्यातून एक दिवस दवाखान्यासाठी मोकळा ठेवणे. मधूनच तो बाहेर जाऊन पाच मिनिटे उभा राहिला तर चौकशी न करणे. आणि इतरांना जे वेतन, तेच त्यालाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने मानसिक आजारातून येणाऱ्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आहे. शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागांतही त्याचा समावेश आहे. पण खासगी दुकानाचे दार कायद्याने उघडत नाही. ते मालकाच्या मनाने उघडते.

‘तो अंगावर धावून आला तर?’ ही भीती प्रामाणिक आहे, तिला उत्तरही प्रामाणिक द्यावे. उपचार घेणारे बहुसंख्य शुभार्थी कोणाला इजा करीत नाहीत. उलट तेच इतरांच्या छळाला अधिक बळी पडतात. ‘दोन महिन्यांनी सोडून गेला तर?’ हे घडू शकते. इतर नोकरही सोडून जातातच. त्याच्यासाठी मात्र ‘पुन्हा ये’ म्हणणारा मालक असणे, हे कोणत्याही गोळीइतकेच मोलाचे ठरते.

धर्मबंधू-भगिनींनो, दानाची परंपरा या समाजाला नवी नाही. इमारतीसाठी, उपकरणांसाठी, शिष्यवृत्तीसाठी येथे हात कधी आखडला जात नाही. येथे मागणे थोडे निराळे आहे. रक्कम नको, जागा हवी. दुकानातील एक स्टूल, कारखान्यातील एक पाट, कचेरीतील एक कोपरा. आणि त्याहीआधी हवे आहे ते घराघरांत मोकळेपणाने बोलणे. ज्या घरी असा मुलगा वा मुलगी आहे, तेथे सणासुदीला गेल्यावर ‘तो कसा आहे? त्याला बाहेर बोलवा ना’ एवढे दोन शब्द उच्चारले गेले, तरी त्या आईच्या खांद्यावरचे अर्धे ओझे उतरेल.

सुवर्णमहोत्सवानंतर पुढच्या पन्नास वर्षांचा हिशेब सुरू होईल. त्या वहीच्या पहिल्या पानावर कोणा एका शुभार्थीच्या पहिल्या पगाराची नोंद पडली, तर ती या उत्सवाची सर्वांत मोलाची जमा ठरेल.

जय जिनेंद्र.